पुढची काठी

१४ सप्टेंबर

प्रिय टिटवी,

पत्राला तसं काही कारण नाही. कपाट आवरताना तुझी राखाडी लोकरीची टोपी सापडली. कसर लागलेली नाही. पाठवू का ठेवू, एवढंच विचारायचं होतं. फोन तू उचलत नाहीस, ते असू दे. मलाही फोनवर निम्मं बोलायचं राहूनच जातं. पत्राचं बरं असतं. फाडलंस तरी फाडण्याआधी पाकिटावरचं माझं अक्षर बघशील. शाळेत सिस्टरनी बोटांवर पट्टी मारून मारून घोटून घेतलेलं, अजून तसंच गोल आहे.

इकडे सगळं ठीक. दादाचे गुडघे दुखतात, तोंड दुखत नाही. सकाळी रेडिओवर हवामान लावतो आणि सांगणाऱ्या मुलीला म्हणतो, "चूक, साफ चूक." निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण बंदरातली टगबोट अजून त्याच्याच हुकमानं सुटते अशा थाटात खिडकीत उभा असतो. मी शिवणयंत्राला तेल दिलं. पडदे धुतले. लिंबाचं झाड काढलं.

शेजारच्या डॉक्टरांनी, तेच आपले दातांचे, घरापुढं दगडी भिंत बांधून घेतली. मोठमोठे दगड, एकाला एक खेटून, दाढांसारखे. दादा म्हणाला, "बघ मने, समुद्राला कवळी बसवली." मला इतकं हसू आलं की भांडं हातातून सुटलं. मग दिवसभर कशातच लक्ष लागेना. यावर तू काय बोलली असतीस ते मला ऐकू येत होतं.

मध्येच उठले होते. वाटलं फाटक वाजलं. फाटक नाही आता आपल्याला, तरी वाटतं.

टोपीचं कळव.

तुझी
ताई

२ ऑक्टोबर

प्रिय टिटवी,

टोपीचं कळवलं नाहीस. बरोबरच आहे, टोपीसाठी कोण पत्र लिहितं!

लिंबाचं झाड मी काढलं नाही. ते पडलं. वादळी महिन्यांत एका दुपारी मी कपडे आत घेत होते आणि झाड हळूच वाकलं, एखादी बाई खाली पडलेली सुई बघायला वाकते तसं, आणि कडेवरून गेलं. त्याच आठवड्यात फाटक गेलं, त्याच्यामागून फाटकाचा खांब. अंगणातली फरशी निम्मी उरली आहे. सकाळी उठल्यावर मी आधी फरशीच्या कडेपर्यंत जाऊन येते, मग चूळ भरते. दुपारीही जाते. संध्याकाळीही. दादा म्हणतो, "समुद्र काय तुला विचारून येणार आहे?"

आता खरं कारण. नगरपालिकेला आपल्या सगळ्या रांगेपुढं डॉक्टरांसारखी भिंत घालायची आहे. त्यासाठी प्रत्येक घराचा होकार हवा. आईनं घर तिघांच्या नावावर केलं, म्हणून आपल्या घराचे तीन होकार. दादानं दिला. जानेवारी संपायच्या आत माझा आणि तुझा हवा. त्यांचा कारकून येतो, अदबीचा माणूस आहे, दारातच चपला काढतो. मी दर वेळी म्हणते, उद्या देते. परवा म्हणाला, "मावशी, तुमचा उद्या उजाडतो कधी?"

मला ठरवता येत नाही गं. भिंत घातली तर घर राहील, असं सगळे म्हणतात. पण भिंत घातली की वाळू राहत नाही, हे तू म्हणायचीस. आणि वाळू नसेल तर आपलं हे घर म्हणजे काय उरलं? आपण तिघं त्या वाळूवर चालायला शिकलो.

तुझा साखरेचा खेळ आठवतो. जेवणाच्या टेबलावर साखर पसरून पट्टीनं ती तिरकी वर ढकलायचीस आणि सरळ खाली ओढायचीस. लाट तिरकी चढते, सरळ उतरते, वाळूचा कण दर खेपेला थोडा पुढं सरकतो. बघता बघता साखर टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला निघायची. मग तू मध्ये चमचा आडवा ठेवायचीस. चमच्याच्या अलीकडे साखरेचा ढीग, पलीकडे नुसतं टेबल. "हा बंदराचा बांध," तू म्हणायचीस. दादा म्हणायचा, "साखर भर आधी डब्यात, मुंग्या येतील."

आणि तू आखलेला बांध झाला, त्यानंतर काही वर्षांनी त्याच टेबलावर तो म्हणाला, "तुझ्या चमच्यानं आईची बाग खाल्ली."

ते जेवण मी किती वेळा मनात वाढलं असेल! तू म्हणालीस, "बांधाच्या नकाशावर मी लिहून दिलं होतं, अलीकडे साठलेली वाळू दर वर्षी उचलून पलीकडे टाका. दोन वर्षं टाकली, मग सोडून दिली. ते मी सोडलं? आणि बांध हवा म्हणून बंदरात सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं, दादा?" तो म्हणाला, "टिटवी ओरडली की घराचं काही खरं नसतं." सकाळी तुझी खोली रिकामी.

त्याची बाजू घेत नाही. पण बंदराच्या तोंडाशी त्याच्या बोटीवरची दोन माणसं त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली, म्हणून तो बांधासाठी ओरडला. ते तुलाही माहीत आहे. म्हणूनच तर तुम्हां दोघांना एकमेकांचं इतकं लागलं.

भिंतीचं काय ते तू सांग. नुसतं हो किंवा नाही सांगितलंस तरी चालेल.

ताई

१९ ऑक्टोबर

प्रिय टिटवी,

उत्तर नाही. मग मी म्हटलं, हिच्या पद्धतीनंच बघू.

तुझ्या काठ्या कपाटामागं होत्या. लाल-काळ्या पट्ट्यांच्या दोन्ही, दोरीसकट. तुला सांगायची गरज नाही, पण मला नीट आठवलंय का ते कळावं म्हणून लिहिते. एकानं मागची काठी धरायची, घराच्या बाजूची. दुसऱ्यानं दोरी ताणून समुद्राच्या बाजूला पुढची काठी उभी करायची. मागच्यानं उकिडवं बसत डोळा एवढा खाली न्यायचा की पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत येतील. ती रेष मागच्या काठीला टोकापासून जितकी खाली लागेल, तितकी वाळू त्या पावलात उतरली. मग मागची काठी पुढचीच्या जागी, पुढची आणखी पुढं, असं पाण्यापर्यंत. तुझ्या लांब टांगांमुळं तू पुढं आणि मी मागं, कारण मी जन्माचीच बुटकी.

एकटीनं होणारं काम नाही ते. दोन दिवस काठ्या दाराशी टेकवून ठेवल्या. दादा येता-जाता त्यांना बघायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ओट्यावर नाचणार आहेस का त्या घेऊन?"

"धरायला माणूस नाही," मी म्हटलं.

"मी काय मेलोय?"

तर मग गेलो. तो पुढं, मी मागं. फरशीवरून सुरुवात केली, तू करायचीस तशी.

"मने, झोपलीस का तिथं?"

"हलू नकोस रे."

"मी नाही हलत, समुद्र हलतोय."

"क्षितिज दिसेना, तुझं पोट मध्ये येतंय."

"क्षितिजाला सांग बाजूला व्हायला."

डॉक्टरांची बायको गच्चीतून बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारपणी यांना काय हे. पण टिटवी, मला इतकं बरं वाटत होतं! पायांना मुंग्या, केसांत वाळू, आणि दादा चाळीस वर्षांपूर्वीसारखा करवादतोय.

घरी येऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तुझा शेवटचा आलेख काढला. तोही ऑक्टोबरचाच. त्याच्यावर आपल्या आकड्यांची रेष काढली. तुझ्या रेषेच्या कुठल्या कुठं खाली गेली. पाण्यापाशी तर कमरेइतकी खाली. तुझा तो उंचवटा, वादळानंतर शांत लाटा परत आणून टाकतात तो, त्याचा मागमूस नाही.

दादानं चष्मा पुसून बघितलं. मला वाटलं आता म्हणेल, सांगत नव्हतो? पण तो उठून खिडकीशी गेला.

सगळे आकडे सोबत लिहिले आहेत, फरशीपासून पाण्यापर्यंत, ओळीनं. तुझे डोळे त्यावरून गेले तर मला बरं वाटेल.

ताई

११ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

सोमवारी मी होकार देणार आहे. कारकून येऊन गेला. मी उद्या म्हटलं नाही, सोमवारी म्हटलं. तो चपला घालायचंच विसरला, रस्त्यापर्यंत अनवाणी गेला आणि परत आला.

तुझाही होकार पाठव. आणखी कशासाठी थांबायचं? वाळू नाहीच उरलेली, तर निदान भिंती राहू देत, आईचं टेबल राहू दे.

चैन नाही मला. झाडू घेते, ठेवते. सिस्टर भूगोलात म्हणायच्या, "मुलींनो, किनारा पेन्सिलनं काढायचा, शाईनं नाही." आम्ही मान डोलावून शाईनंच काढायचो, कारण शाईनं सुबक दिसायचं. तू मात्र तुझ्या वर्गात ठिपक्यांनी काढलास आणि वर्गाबाहेर उभी राहिलीस. मी वरच्या वर्गातून पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन तुझी वेणी ओढून गेले होते. तेवढंच जमायचं मला. अजूनही तेवढंच जमतं बहुतेक.

सोमवारच्या आत काही म्हणायचं असेल तर म्हण.

ताई

१७ नोव्हेंबर

टिटवी गं,

तुझं कार्ड शनिवारी आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर, आणि मजकूर केवढा: "अंगणातली फरशी खचत नाही आणि समुद्र कमरेइतका खाली जात नाही. पुढची काठी मोजा. दोघं मिळून." प्रिय नाही, तुझी नाही. मी ते पोस्टमनसमोरच वाचलं आणि मोठ्यानं हसले. तो बिचारा घाबरून म्हणाला, "बाई, सगळं बरं आहे ना?"

किती साधं होतं! पहिलंच माप फरशीवरचं, सपाट फरशीवरचं. तिथं शून्य यायला हवं होतं. माझं चार बोटं आलं होतं आणि मी म्हटलं, असेल उतार. आणि पाणी तर शेवटी समुद्राच्याच पातळीला असणार. आमच्या आलेखात अख्खा समुद्रच खाली उतरला होता. एक जन्मभर बंदराच्या कचेरीत टंकलेखन केलेली बाई, एक जन्मभर पाण्यावर काढलेला कप्तान, आणि दोघांच्याही लक्षात येऊ नये!

दादाला कार्ड दाखवलं. त्यानं वाचलं, परत वाचलं, आणि टेबलावर उलटं ठेवलं. मी दोन्ही काठ्या भिंतीशी शेजारी शेजारी उभ्या केल्या. पुढची चार बोटं आखूड. खालून कापलेली, अगदी सरळ.

"ही कुणी कापली रे?"

तो मग उठून स्वयंपाकघरात गेला. ती ओट्यावरची खिडकी तुला आठवते ना, समुद्राकडची, जरा वारा आला की आपटायची? तू गेल्यापासून ती आपटत नाही. झडपेच्या फटीत एक लाकडाचा तुकडा ठोकलेला आहे. रोज त्याच्यासमोर उभी राहून मी भाजी चिरते. त्याच्यावर तेलाचा आणि धुराचा असा थर की ते नुसतं लाकूड म्हणूनच दिसायचं. दादानं तो उपसून काढला आणि माझ्या हातात ठेवला. पदरानं पुसला तर खालून लाल निघालं, मग काळं. काठीच्या टोकाला लावून बघितलं. पट्टीला पट्टी जुळली.

"कधी कापलीस?"

"ती गेली त्या दुपारी. खिडकी आपटत होती."

"दुसरं लाकूड नव्हतं घरात?"

त्यानं तुकडा माझ्या हातातून परत घेतला.

"होतं," म्हणाला.

टिटवी, त्याला हे मोजायच्या वेळी आठवलं नव्हतं, असं तो म्हणतो. मी विश्वास ठेवते. राग गेला की माणसाला त्या रागात केलेलं आठवत नाही. फक्त खिडकी आपटत नाही एवढंच लक्षात राहतं.

प्रत्येक मापातून चार बोटं वजा करून रेष पुन्हा काढली. तुझ्या रेषेपेक्षा खालीच आहे, पण घोट्याइतकी. आणि तुझा उंचवटा आहे! लहान आहे, पण आहे. वादळानं ओढून नेलेली वाळू समोर पाण्याखालच्या वाळूदांड्यात पडून होती, तू म्हणायचीस तशी, आणि आता रोज थोडी थोडी घरी येते आहे.

आज सोमवार. कारकून आला होता. मी म्हटलं, उद्या.

ताई

२३ जानेवारी

प्रिय टिटवी,

दादानं तुकडा परत जोडला. पितळेची कडी घालून, दोन स्क्रू मारून. काठी आता जराशी लंगडी दिसते पण मापाला बरोबर आहे. आम्ही तीनदा जाऊन आलो. कालच्या खेपेला डॉक्टरांच्या भिंतीपुढंही मोजायचं ठरलं, पण मोजायचं काय? तिथं काठी टेकायला जागाच नाही. लाट येते, दगडावर आदळते, तितक्याच रागानं मागं फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. आपल्यापुढं लाट चढते, दमते, आणि थोडं काही ठेवून जाते. दोन घरांमध्ये हातभर अंतर, आणि एवढा फरक.

भिंत जिथं संपते तिथं पाणी वळून आपल्या अंगणाला चावा घेतं. लिंबाचं झाड तिथंच होतं. फाटकही.

डॉक्टर वरून बघत होते. दादा ओरडला, "डॉक्टर, तुमची कवळी आमचा घास घेते आहे!"

मला वाटलं आता जुंपणार. पण डॉक्टर खाली आले, पँट दुमडून. म्हणाले, "कप्तानसाहेब, माझ्या नातीनं विचारलं, आजोबा, आपली वाळू कुठे ठेवली?" त्यांची बायको वरून म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?" तिच्या आवाजावरून कळलं, फाटक कशानं गेलं ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

परवा नगरपालिकेत बैठक होती. पंख्याखाली लोखंडी खुर्च्या, भिंतीवर आपल्या किनाऱ्याचा नकाशा, शाईनं काढलेला. दादा काठी टेकत उभा राहिला. कुठली काठी म्हणून विचारू नकोस.

"मी टगबोटीवर कप्तान होतो," तो म्हणाला. "बांध पाहिजे म्हणून या खोलीत मी ओरडलो होतो. बांध हवाच होता, त्यानं माणसं वाचली. पण ज्या मुलीनं तो आखला तिनं नकाशावर एक ओळ लिहिली होती. वाळू दर वर्षी उचलून पलीकडे टाका. ती ओळ आपण विसरलो, आणि मी घरी जाऊन तिलाच बोललो. माझा होकार मी मागं घेतो. भिंत नको. वाळू द्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक जण म्हणाला, "आणि घर गेलं म्हणजे?" दादा म्हणाला, "गेलं तर मागच्या टेकडीवर खोली घेऊ. पण जाईल तेव्हा वाळूवर जाईल." अध्यक्षांनी सांगितलं की वाळू पलीकडे टाकण्याच्या प्रश्नाचा विचार करू. म्हणजे काय ते तुला आणि मला माहीत आहे. इतक्या वर्षांनी निदान ते शब्द त्या खोलीत मोठ्यानं बोलले गेले. मीही भिंतीला "नाही" म्हणून सांगितलं. बाहेर कारकून भेटला. म्हणाला, "मावशी, उजाडला एकदाचा."

तुझा होकार-नकार मी विचारत नाही. तो तू ठिपक्यांनी वर्गातच काढून ठेवला होतास. भिंत आता डॉक्टरांपाशीच थांबेल.

घर राहील की नाही, ठाऊक नाही. मी आईचं टेबल भिंतीपासून सरकवून आतल्या खोलीत घेतलं. रोज तीनदा कडेपर्यंत जाऊन येणं सुटलेलं नाही. सुटायचंही नाही. फक्त आता जाते तेव्हा किती गेलं ते बघत नाही, किती आलं ते बघते.

दादाचे गुडघे मात्र आता ऐकत नाहीत. कालचं शेवटचं, म्हणाला. पुढची काठी धरायला माणूस हवा, लांब टांगांचा.

आणि एक. तुकडा काढल्यापासून स्वयंपाकघराची खिडकी पुन्हा आपटायला लागली आहे. हे लिहितानाही आपटते आहे. मी फडकं कोंबायला गेले तर दादानं काढून घेतलं. म्हणाला, "राहू दे. तिला लिही, येताना खिडकीला लावायला काहीतरी घेऊन ये. घरात दुसरं लाकूड नाही."

घरात लाकूड आहे, टिटवी. मी बघितलंय.

ताई